तीनदा वाजलेली घंटी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय आगार व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती निर्मलाताई खिल्लारे, आणि माझ्या चालक-वाहक बंधुभगिनींनो, जय भीम, जय सेवालाल.

एकतीस वर्षं तिकिटं फाडून ताई आज निवृत्त होतायत. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलं. पण आधी एक कडू गोष्ट सांगायची आहे. ताई, मान हलवू नका. आज मला बोलू द्या.

सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ किसनसिंग हळदीच्या शेतात साप चावून गेला. चावल्यावर त्यानं पहिला फोन मला केला होता. मी स्टेअरिंगवर होतो, उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नसतो, हे तुम्हाआम्हाला बराबर ठाऊक आहे. पण मनाला कोण सांगणार?

पुढं मला जागेपणी स्वप्नं पडू लागली. मी फोन उचललाय, त्याला दवाखान्यात नेलंय, तो वाचलाय, तांड्यावर त्याच्या लग्नात मी नाचतोय. किती गोड वाटायचं! आणि भानावर आलो की छातीवर दगड. जेवण नको, बोलणं नको, जगणंसुद्धा नको.

अशात एका दुपारी हिंगोलीहून वाशिमला निघालो. गाडीत बेचाळीस माणसं, वाहक ताई. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं पुढं कापसाचा ट्रॅक्टर हळू झाला. माझे डोळे उघडे होते, पण मी लग्नात होतो. ताईंनी घंटी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी पुढं धावत येऊन त्या ओरडल्या, "देविदास!"

ब्रेक लागला तेव्हा ट्रॉली काचेपासून हातभर होती. मागं लेकरं रडत होती.

"कुठं होतास?" ताईंनी विचारलं.

"रस्त्यावरच की."

"खोटं बोलू नको. याआधीचे दोन थांबे तू तसेच सोडले." त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं. "ही गाडी तू आता न्हाई नेणार."

मी हात जोडले. "ताई, माझी नोकरी जाईल."

"नोकरी परत मिळंल. ही माणसं कुठून आणशील?"

त्यांनी दुसरी गाडी मागवली आणि लेखी अहवाल दिला. आणि मी आगारात काय सांगितलं? बाई उगाच घाबरली, माझ्यावर डूख धरून आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला. आठ महिने या आगारात ताईंशी कुणी धड बोललं नाही. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही. उलट तांड्यावर आल्या आणि मला जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. दुःख सहन होत नाही म्हणून मन स्वप्नात पळतं. परत आलं की दुःख दुप्पट लागतं. मग ते पुन्हा पळतं."

गोळ्या सुरू झाल्या. ताई रोज सकाळी श्वासाकडं लक्ष देत बसतात, म्हणून मीही बसून पाहिलं. पण डोळे मिटले की किसनसिंगच दिसायचा. घाम फुटायचा. मी चिडून म्हणालो, "ताई, यानं तर तकलीफ वाढून राहिली."

"मग डोळे उघडे ठेव," त्या म्हणाल्या. "पायाला जमीन कशी लागते ते पाह. मन गेलं की 'गेलं' म्हण अन् वापस ये. गेल्याबद्दल सोताला शिव्या देऊ नको. अन् हे गोळ्यांच्या बदल्यात न्हाई बरं, त्या घ्यायच्याच."

डॉक्टरांच्या सांगण्यावरून अकरा महिने मी गाडी सोडून आगाराच्या कार्यशाळेत काम केलं. मन दिवसातून शंभरदा जायचं, शंभरदा आणायचो. हळूहळू जाताना ते मला दिसू लागलं. मग डॉक्टरांच्या दाखल्यानं मी पुन्हा स्टेअरिंगवर बसलो. किसनसिंग आजही आठवतो. पण तो गेलाय, हे आता मला कळतं.

ताईंचा अहवाल खरा होता. खोटं मी बोललो होतो. इतकी वर्षं हे सांगायची हिंमत झाली नाही.

अध्यक्ष महोदय, बोलायला वेळ दिलात, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या आठ महिन्यांची माफी मात्र मी सभेकडं मागत नाही. ती द्यायची की नाही, हे निर्मलाताई ठरवतील.