मोटरीचे मास्क

धामणकर नाक्यावर छातीच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या शैलेशच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. बापाची, चांगदेवांची, हयात कापडाच्या लूमवर गेलेली.

“ऋतिका, बावीस वर्सं शास्त्रज्ञ हायस. पर करतेस काय?”

“अणूतले कण वेगानं पळवायच्या यंत्रासाठी धातूच्या पोकळ नळ्या बनवते, बाबा. भयंकर थंड केल्या की वीज जवळजवळ वायाच जात नाही.”

“त्यात कठीण काय?”

“धूळ. आत धुळीचा एक कण राहिला तरी नळी बाद. म्हणून मास्क लावतो.”

“धूळ नाकात जाऊ नये म्हनून?”

“नाही. आमच्यामुळे नळीला लागू नये म्हणून.”

“बराबर हाय.” त्यांना खोकल्याची उबळ आली.

“मी पाठवलेले मास्क कुठायत?”

“लूमच्या मोटरीच्या जाळीवर बांधले. आत रुई गेली की मोटर जळते, पोरी.”