सोपानच्या भिंतीवरचा पांढरा चौकोन

सन्माननीय अध्यक्षा विजयमालाताई, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती प्रज्ञेश ओव्हाळ, त्यांच्या पत्नी आम्रपालीताई, कन्या मैत्री, आणि बाहेर चहा तयार असूनही जागा न सोडलेले सर्व सहकारी आणि वाचक,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘जरा हलकंफुलकं बोला, बर्वे’ असं बजावलंय. व्यंगचित्रकाराच्या निरोपाला तेवढं तर व्हायलाच हवं. पण मला ते आज जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

‘सोपानचं बिऱ्हाड’ ही ओव्हाळांची चित्रपट्टी एक्क्याण्णव साली आपल्या पेपरात सुरू झाली आणि आज सकाळी शेवटची छापून आली. उद्यापासून त्या जागी गृहकर्जाची माहिती येईल. असो. टेलिफोन खात्यातला कारकून सोपान आणि त्याची बायको रतन. तेरा वर्षं पुण्यानं या दोघांबरोबर घरच्या फोनची वाट पाहिली, केबल घेतली, मुलाला हडपसरच्या आयटी कंपनीत चिकटवलं. सोपान सरकारवर बोलायचा, महागाईवर बोलायचा. त्याला आडनाव मात्र नव्हतं.

आता पुण्यात आडनावाशिवाय माणसाचं कसं व्हायचं? आमच्या शनिवार पेठेतून पत्रं यायची, ‘सोपान आपल्यातलाच दिसतो, बोलण्यावरून कळतं.’ एका ज्ञातिमंडळानं तर त्याला स्नेहसंमेलनाचं सहकुटुंब निमंत्रण धाडलं. ओव्हाळांनी ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. ओव्हाळ बिबवेवाडीचे, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. कचेरीत हे सगळ्यांना माहीत होतं, वाचकांना नव्हतं. आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसतोय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

चौऱ्याण्णवच्या बुद्धपौर्णिमेची पट्टी माझ्या टेबलावर आली. सोपान चहा पितोय, दूध महागलं म्हणून कुरकुरतोय, आणि मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. बोटाच्या पेराएवढी. त्या पानाचा उपसंपादक मी. संपादकांनी काही सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मी पांढरा पोस्टर कलर घेतला, बारीक ब्रश घेतला आणि तसबीर झाकून टाकली.

दुसऱ्या दिवशी ओव्हाळ आले. म्हणाले, “बर्वे, भिंतीवर काहीतरी होतं.”

मी म्हणालो, “ओव्हाळ, सोपान सगळ्यांचा राहू द्या ना.”

“शेजारच्या खोलीत गणपती आहे. पहिल्या पट्टीपासून आहे. तेव्हा तो सगळ्यांचा असतो?”

मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो? गणपतीला मी कधी ब्रश लावला नव्हता, तो मला कधी दिसलाच नव्हता.

त्यानंतर दर बुद्धपौर्णिमेला त्यांनी ती तसबीर काढली आणि मी ती पुसली. यावर आम्ही पुन्हा एक अक्षर बोललो नाही. मध्ये एकदा सोपान राखीव जागांच्या बाजूनं दोन वाक्यं बोलला, तर मी त्याच्या तोंडी कांद्याचे भाव घातले. लोकांना तो विनोद फार आवडला, पत्रंही आली. पुढं कॉम्प्युटर आले आणि माझं काम सोपं झालं. माऊस फिरवला की भिंत कोरी. आणि हे सगळं करून मी स्वतःला उदारमतवादी म्हणवून घेत होतो, अजूनही घेतो.

आज दुपारी मैत्री मला भेटली. ती म्हणाली, “काका, लहानपणी बुद्धपौर्णिमेला पेपर मीच आधी उघडायचे. बाबा म्हणायचे, यंदा येईल. मग एका वर्षी मी उघडायचं सोडलं.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

आता या सन्मानचिन्हाबद्दल. कुठलं मूळ चित्र फ्रेम करू, असं कचेरीनं ओव्हाळांना विचारलं. त्यांनी चौऱ्याण्णवची ती पट्टी निवडली. तुम्हाला मागून दिसणार नाही, पण दहा वर्षांत कागद पिवळा पडलाय आणि माझा पांढरा चौकोन तेवढा उठून दिसतोय. तो पाहून मी मघाशी ओव्हाळांना म्हणालो, “ओल्या कापसानं हा रंग निघेल. खालची शाई पक्की आहे, तिला काही होणार नाही. फ्रेम उघडून पुसून देतो.”

ते म्हणाले, “नको, असू द्या. चित्राखाली माझी सही आहे. चौकोनावर तुमची करा.”

संस्थेचे, आयोजकांचे, सभागृह देणाऱ्यांचे आभार मानतो. आजच्या व्यवस्थेत काही कमी पडलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझ्या दहा वर्षांचं मात्र पोटात घालू नका. बजरंग, ती फ्रेम जरा इकडे आण आणि मागचे खिळे काढ. विजयमालाताई, आपली परवानगी असेल तर सही करतो आणि मग खाली बसतो.