बिनडोळ्यांचे प्रवासी

माझ्या पहिल्या प्रदर्शनाची वाट कुणी लावली, माहितीये? सुमनकाकींनी. पेणला माझ्या मामाच्या गणपतीच्या कारखान्यात काकी तीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतात. दुसरं काही नाही, फक्त डोळे.

तिथेच मी प्रदर्शनासाठी शाडूचे दहा प्रवासी केले होते. हातात बॅगा आणि चेहऱ्याच्या जागी मुद्दाम सपाट, गुळगुळीत माती. सुखाच्या शोधात निघालेल्या माणसाला चेहरा उरत नाही, असा माझा फार खोल विचार! पांढरा रंग सुकायला ठेवून मी रोह्याला एका हळदीला गेले. परत येऊन बघते तर दहाही जण गणपतीच्या शांत, लांबट डोळ्यांनी माझ्याकडे बघतायत. आशीर्वाद तेवढा द्यायचा बाकी.

मी किंचाळले, "काकी, हे काय केलंत? उद्या प्रदर्शन आहे!"

"म्हणून तर जेवायला पण उठले नाय गो. तू तशीच टाकून गेलीस."

"अहो, त्यांना डोळे नकोच होते! ते सुख शोधायला निघालेत."

काकी ब्रश धुता धुता थांबल्या. "व्हय? आणि आंधळी शोधतील कशी?"

डोळे पुसायला आता वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दहाही जण तसेच प्रदर्शनात नेले. लोक एकेका प्रवाशाच्या डोळ्यांत बघत उभे. एक आजोबा तर सवयीने चपला काढून. मी तिथूनच फोन लावला, "काकी, सगळ्यांना डोळेच आवडले!"

"डोळेच आवडतील ना गो, नाकं कुठं हायत? प्रदर्शन झालं की घेऊन ये. तुझ्या मामाला सांगून बसवते."