कमान राहिली, गिरणी हलली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय शिवराज पाथ्रीकर साहेब, उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या सोनिया मगरे मॅडम, बांधकाम विभागातले माझे सहकारी, माझी पत्नी विशाखा, आणि पुढं बोलावूनही हट्टानं मागच्याच रांगेत बसलेल्या आमच्या चतुराबाई म्हस्के. सर्वांना सविनय नमस्कार आणि जयभीम.

माझ्याआधी बोलणाऱ्या प्रत्येकानं सांगितलं की, अभय साहेबांनी हौदाची कमान वाचवली. ऐकायला गोड वाटलं. निरोपाच्या दिवशी कुणाला वाटणार नाही? पण चतुराबाई समोर बसलेल्या असताना ते श्रेय मला पचायचं नाही.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतली ही कमान. चुन्यातलं जुनं बांधकाम, एका वेळी एकच रिक्षा जाईल एवढी वाट. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा आखणी बरोबर कमानीवरून गेली. लोक जमले. कॉलेजची मुलं आली, दुकानदार आले, घोषणा झाल्या. सगळ्यांत मोठा आवाज कडूबा पळसकरांचा. कमानीपलीकडची नवी दुकानांची इमारत त्यांची. आपल्या विभागानंही मन मोठं केलं, फेरमोजणी केली. रस्ता कमानीला वळसा घालून जाऊ शकत होता. फक्त त्या वळशात एक पिठाची गिरणी येत होती. चतुराबाईंची.

नवरा गेल्यावर याच गिरणीवर बाईंनी मुलं वाढवली होती. मोबदला कायद्यानं मिळणार होता. पण गिरणीचं गिऱ्हाईक गल्लीत असतं, ते मोबदल्यात कसं मिळणार?

ही बातमी बाईंना सांगायची कुणी? घोषणा देणारे सगळे आपापल्या घरी पांगले. मी गेलो. नोटिशीतून कळण्यापेक्षा माणसाच्या तोंडून कळावं, एवढाच हेतू होता.

बाईंनी पट्टा थांबवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "साहेब, कमान चांगली हाय. मी रोज तिच्याखालून येते. पर तिला वाचवायला माझीच गिरणी दिसली व्हय?"

मी म्हणालो, "बाई, याला माझ्याकडं उत्तर नाही."

"मंग ज्यांच्याकडं हाय त्यांना बोलवा."

संध्याकाळी कमानीखाली सगळे जमले. बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदराला पिठाचे हात पुसत म्हणाल्या, "कमान समद्यांची हाय ना? मंग तिचा भार एकटीनंच का उचलायचा? मी जागा सोडते. माझी गिरणी कुठं ठेवता, ते तुम्ही सांगा. गल्लीच्या बाहेर नाय जायची."

मग बाई कडूबांकडं वळल्या. "कडूबाभाऊ, तुमचा आवाज लई मोठा होता. तुमच्या इमारतीत कोपऱ्याचा गाळा रिकामा हाय."

कडूबाभाऊंनी तो गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा ठरवला होता. त्यांनी कमानीपलीकडं आपल्या इमारतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "गिरणीचा आवाज लई होतो, चतुराबाई. वरचे भाडेकरू मला शिव्या देतील." आणि मग स्वतःच म्हणाले, "देऊ द्या. या तुम्ही."

मंडळी, कमान त्या वाक्यानं वाचली. नव्या आखणीवरच्या माझ्या सहीला त्यानंतर अर्थ आला.

गिरणी पाडली त्या दिवशी बाई समोरच्या ओट्यावर बसून होत्या. मी जवळ गेलो. "बसू द्या साहेब, कुणीतरी तिच्यापाशी बसायला पायजे," एवढंच म्हणाल्या. नव्या जागी सुरुवातीचे महिने कठीण गेले. वर तीन पायऱ्या चढून दळण न्यायचा म्हाताऱ्या बायांना कंटाळा. तेव्हा आपल्याच विभागातल्या कितीतरी जणांनी उस्मानपुऱ्यातून, पार करमाडहूनसुद्धा, ज्वारीचे डबे गाडीला बांधून आणले. ते कुणी सांगितलं नव्हतं. तुमचे हे उपकार मी आज जाहीरपणे मानतो. पुढं गल्लीतल्या बाया परतल्या, आणि आता चतुराबाईंची सून रूपा मसालाही कांडून देते.

कमानीला आपण चुन्यानंच दुरुस्त केलं. तिच्या सावलीत आज भाजीवाल्या बसतात. शहरात पाडणाऱ्यांना यंत्र मिळतं, राखणाऱ्यांना माणसं लागतात. मला ती मिळाली. अख्ख्या नोकरीत याहून मोठं काही मी कमावलेलं नाही.

पाथ्रीकर साहेब, वळशाच्या त्या आखणीवर तुम्ही विश्वास ठेवलात, आभारी आहे. विशाखा, जेवण गार करून घरी येणाऱ्या माणसाला सांभाळलंस, तुझेही आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, बोलण्यात कुठं अधिकउणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि सोनिया मॅडम, एक काम तुमच्याकडं सोपवून जातो. मघाशी दारातच चतुराबाईंनी मला धरलं. शुभेच्छा नाहीत, काही नाहीत. म्हणाल्या, "साहेब, वळणावर पाणी तुंबतंय. तुम्ही निघालात, आता कुणाला सांगू?" मी त्यांना तुमचं नाव सांगितलं आहे.

धन्यवाद.