सकाळचा भाव

"हॅलो? …हो, बोल दादा. …नाही, जेवले नाही अजून. तू बोल."

कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीच्या बाहेर गेल्या होत्या, ती एकटीच टेबलाशी बसली होती. समोर कुणाच्या तरी वरच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. भावाचा फोन येणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. दोघं मिळून ज्या खात्यातून घोड्यांवर पैसे लावायचे, ते खातं तिने आज बंद करून टाकलं होतं.

"हो, मीच बंद केलं. …तुझा वाटा तुझ्या बँकेत टाकलाय, बघून घे. …आवाज खाली, दादा. मी कामावर आहे. …नाही, हरलो म्हणून नाही. मागच्या हंगामात लागोपाठ घोडे आपटले तेव्हा तू हातपाय गाळून बसलास, आणि चालू ठेव म्हणणारी मीच होते. …मग? का म्हणत होते? भाव मिळत होता म्हणून. सकाळी आपण रुपयाला आठ या भावाने लावायचो, शर्यत सुटेपर्यंत तोच घोडा रुपयाला पाचवर यायचा. आपल्याला सकाळी कळायचं ते बाकीच्यांना दुपारी कळायचं. कमाई ती होती. …आता उलटं झालंय. मी लावायला जाते तर भाव आधीच पाचवर पडलेला, आणि सुटायच्या वेळी परत आठ. …एखाद्या दिवशी नाही रे. हंगामभर हेच चाललंय."

पलीकडे तो तावातावाने बोलत सुटला होता. तिने फोन कानापासून जरा लांब धरला. तरी शब्द येतच होते.

"…काय? फक्त ओल्या मैदानावरचे? …गेल्या आठवड्यात म्हणालास फक्त लांब पल्ल्याचे. त्याआधी तुला नुसत्या घोड्याच हव्या होत्या. अरे, हरलेले एकेक करून वगळत गेलास तर मागे उरलेले जिंकलेलेच दिसणार ना? …भाव मिळेनासा झाला की थांबायचं, हे डोकं शांत असताना ठरवलं होतं. तू मान डोलावली होतीस. …नशीब? बरं. मग मला एवढं सांग, भाव पडतो तो नेमका आपल्याच घोड्यांचा का पडतो? …सांग ना."

"…मग मीच सांगते. आमच्या कवळ्या दवाखान्यांत पोचवतो ना, तो व्हॅनवाला. काल मला मोठ्या ऐटीत मोबाईल दाखवत होता. रोज सकाळी एका ग्रुपवर त्याला मेसेज येतो, आज कुठला घोडा. महिन्याचे पैसे भरतो त्याचे. घोडा आपला, दादा. आणि पाठवणारा नंबर तुझा."

"…चार मित्र? त्या ग्रुपवर अख्खं गाव आहे. एवढे सगळे सकाळी तुटून पडल्यावर मला काय उरणार? …म्हणजे आपली पद्धत तूच मारलीस, आणि वर मला भित्री म्हणतोस. …काय? …परत बोल."

तो हसत होता. लहानपणी तिच्या पत्त्यांत डोकावताना पकडला गेला की असाच हसायचा.

"…घोडा हरला तरी तुझे महिन्याचे येतात. म्हणजे तुझा फायदा अजून चालूच आहे. …नाही, छान आहे. फक्त मी सगळ्यांना कळवलंय. व्हॅनवाल्याकरवी, त्याच ग्रुपवर, मघाशी. हे आता चालत नाही, पैसे लावू नका. एवढंच. …दे शिव्या. …बहीण मेली म्हण, चालेल मला. …कोण मेसेज वाचत नाही? …फोन करून कोणाला सांगतोस तू?"

ती उठून उभी राहिली.

"…बाबांना? …कधीपासून? …पेन्शनीतून? आणि त्यांच्याकडूनही महिन्याचे घेतोस? …'त्यांनीच दिले' हे मला ऐकवू नकोस. आज काय सांगितलंस त्यांना? …दोनच्या शर्यतीत? …किती लावायला सांगितलेस? …दादा, किती? …सगळे?"

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते.

"…फोन ठेव. मला त्यांना लावायचाय. …नाही, तू लावू नकोस. तू त्यांना काही बोलायचं नाहीस. ठेव म्हणते ना."

तिने फोन कापला आणि बाबांचा नंबर लावला. लाईन व्यस्त. परत लावला. व्यस्त. कोणाशी बोलतायत हे तिला विचारायची गरज नव्हती. तिसऱ्यांदा रिंग वाजली.

"हॅलो? बाबा, मी. …हो, तोच होता ना? काय म्हणाला? …मी अडवणार म्हणून सांगितलं त्याने? …बाबा, ते पैसे… …लावून टाकले."

ती हळूच स्टुलावर बसली.

"…नाही, तुमच्यावर नाही रागावले. …हो, बघा ना टीव्हीवर. पण फोन ठेवू नका. शर्यत संपेपर्यंत माझ्याशी बोलत राहा."