पाचवी तार

घशाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक जण मेहुण्याला मोबाईलवर बास गिटारी दाखवत होता. त्याची बायको बाजूच्या खोलीत दुर्बिणीच्या तपासणीला गेली होती.

"दाजी, चार तारांची आहे की घरात. पाचवीचं खूळ कशाला?"

"खालचा सूर हवाय."

"मग ही घ्या, निम्म्या किमतीत."

"हिची खालची तार नुसती भणभणते रे. ही जुनी बघ. मान लांब, तार ताठ, आणि बजेटमध्ये बसते."

"वीस वर्षं चारांवर भागलं तुमचं."

"तेव्हा तुझी ताई वरच्या पट्टीत गायची. ऑपरेशननंतर आवाज उतरला."

"ती तर म्हणते, गाणं सुटलं."

"भांडी घासताना गुणगुणते. मी दिसलो की गप्प."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या बाईंना पुढे सोडलं.

"मग सूर किती खाली गेलाय, कसं कळलं तुम्हाला?"

"दाराआड बसून साथ धरतो, वायर न लावता, हळूच. परवा माझ्या तारा संपल्या रे, ती आणखी खालीच होती."