म्हाताऱ्यानं मनगट दाखवलं होतं

नाही हो दादा, गंज नाही तो, रंगच तसा आहे — तिकडचा, परदेशातला. बसा ना फळीवर, ओली नाही. इंजिनही चांगलं आहे. खोटं कशाला सांगू, मला विकायचीच आहे. सासूबाई म्हणतात, ही अवदसा दारातून हलली की मी दोन घास नीट खाईन. मुलगा गेला ना त्यांचा. हो, माझे मालक. ह्याच मोटारबोटीवरून, चार महिने झाले. तुम्हाला ठाऊक होतं? वाटलंच — सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी बघायला येतात. तुम्हाला नाही म्हणत, रागावू नका.

घेतली कशी? मोबाईलवर! सासूबाई म्हणाल्या, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण ह्यांना भारी हौस — वापरलेली असली म्हणून काय झालं, म्हणे, पदरी पडलं पवित्र झालं. विकणारा एक म्हातारा. त्याची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्याला नाही, व्हिडिओवर नुसते हातवारे. तेलाची टाकी दाखव म्हणून हे पोटावर हात फिरवायचे, तर म्हातारा आपलं रिकामं ताट उचलून दाखवायचा, जेवलो म्हणून — हसून हसून पुरेवाट व्हायची. आणि फोन ठेवायच्या आधी, दर वेळी हं, डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरायचा. असं. धरून आमच्याकडं बघत राहायचा. मी म्हटलं, घड्याळ मागतोय का हा? हे म्हणाले, अगं, कागद वेळेवर पाठवा म्हणतोय, वेळेचा पक्का आहे म्हातारा. मग ह्यांनीही आपलं मनगट धरून दाखवलं — हो हो, वेळेवर! तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. हसला. तेव्हा कुठं सौदा झाला.

तिथं काय बघताय, बटणापाशी? तो लाल चाप होय — राहू द्या, काढलात तर इंजिन बंद पडतं. लोंबतंय ते काही नाही, दोरीचा तुकडा. कापलेला. हो, कापलीच आहे... मी कापली. म्हणजे ह्यांनी कापली, पण मागितली मी. पोर नुकती पाऊल टाकायला लागली होती, आमच्या मागच्या दारापासून पाणी तीन पायऱ्यांवर — पाठ वळली की ती पाण्याकडं. जिवाला घोर नुसता. लुगड्याची पट्टी बांधली तर कमरेला काचायची. आणि ही दोरी कशी, जुन्या फोनच्या वायरीसारखी, ताणली की लांबते, काचत नाही. हे म्हणाले, घे, नाहीतरी सारखी हाताखाली येते. एक टोक पोरीच्या कमरेला, एक टेबलाच्या पायाला. शेजारणी म्हणायच्या, काय डोकं चालवलंस गं!

मग हे गेल्यावर मिस्त्री आला इंजिन बघायला. म्हणाला, वहिनी, ह्याची दोरी कुठंय? ती मनगटाला बांधतात. माणूस पाण्यात पडला की चाप निघतो, बोट जागच्या जागी थांबते. मी म्हटलं, मला काय माहीत. आणि पोर तिथंच उभी होती, बांधलेली. मिस्त्रीनं तिच्याकडं बघितलं, पाना पिशवीत टाकला आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

पोहता येत होतं हो ह्यांना, चांगलं येत होतं! पण बोट पुढं पळाली ना — तेल संपेपर्यंत पळाली, पार चिखलात जाऊन रुतली. माणूस पोहून पोहून किती पोहणार? हाक मारली असेल का हो? मारणार कुणाला — इंजिनाला?

सासूबाई म्हाताऱ्याला शिव्या घालतात, फसवलं मेल्यानं म्हणून. मी भांडी घासत राहते.

तुम्ही नवी दोरी घ्या, आधी दोरी, मग पाण्यात. ती? ती नाही द्यायची. अजून तीच बांधते पोरीला. सोडली तर तीन पायऱ्यांवर पाणी, आणि बांधायला बसलं की गाठच... हे मी कुणाला बोलले नव्हते, दादा. तुम्हाला तरी का —

आले, आई! काही नाही, भाव करतायत! — उठा तुम्ही. उठा ना हो.